भीती वाटते तेव्हा प्रार्थना कशी करावी: ख्रिस्ती श्रद्धेत नव्याने आलेल्यांसाठी

“मी आपली शांती तुम्हांला देतो” हे शब्द येशूने ज्या रात्री उच्चारले, त्याच रात्री त्याला अटक झाली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या) चौदाव्या अध्यायातले हे वचन आज दिनदर्शिकांवर, दिवाणखान्याच्या भिंतींवर आणि कबरींच्या दगडांवरही आढळते, त्यामुळे ते कुठल्यातरी निवांत प्रसंगी बोललेले असावे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ते शेवटच्या भोजनाच्या मेजावर, त्याला पकडून देणारा शिष्य यहूदा दाराबाहेर पडून रात्रीच्या अंधारात निघून गेल्यानंतर आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे बोलणाऱ्याला पुरते ठाऊक असताना बोललेले आहे. त्यामुळे पुढील पायऱ्या भीती घालवण्याचा तोडगा म्हणून वाचू नयेत. भीती मनात असतानाच देवाशी बोलायचे कसे, आणि त्या बोलण्यातून मिळणाऱ्या धिरावर दिवस कसा काढायचा, एवढेच येथे सांगायचे आहे. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांना, लहानपणी रविवारच्या शाळेत शिकलेले मधल्या वर्षांत मागे पडलेल्यांना, आणि ख्रिस्ती नसूनही येशूच्या शब्दांची ओढ वाटणाऱ्यांना हे उपयोगी पडावे.

पहिली पायरी: भीती नेमकी कशाची आहे ते लिहून काढा

“काळच वाईट आला आहे” अशा वाक्याने प्रार्थना सुरू केली की ती तिथेच अडते, कारण काळासाठी काय मागायचे हे कोणालाच कळत नाही. म्हणून एक साधी वही घ्या, तारीख घाला आणि एका ओळीत एक भीती लिहा. “मंगळवारी बायोप्सीचा रिपोर्ट येणार आहे, त्यात गाठ वाईट निघेल अशी भीती वाटते.” “कंपनीत माणसे कमी करणार असे कानावर आले आहे, आणि घराचे हप्ते अजून बरीच वर्षे फेडायचे आहेत.” “मुलगा आखातात आहे, आणि तिकडे क्षेपणास्त्रे पडत असल्याच्या बातम्या रोज येतात.” भाषा साधी ठेवा. देवाला शोभतील असे शब्द शोधत बसू नका. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीपुढे, आपल्याला आज करता येण्यासारखे काही असेल तर ते लिहा: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, बँकेत फोन, मुलाशी बोलण्याची ठरलेली वेळ. ज्या ओळींपुढे काहीच लिहिता आले नाही, त्या ओळी म्हणजे आजच्या प्रार्थनेचा मजकूर.

एवढे स्पष्ट बोलणे देवासमोर शोभते का, अशी शंका नवख्या माणसाला येते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात गालील सरोवरावर वादळ उठले, लाटा तारवात आदळू लागल्या, आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. शिष्यांनी त्याला उठवून विचारले, “गुरुजी, आपण बुडतो ह्याची आपल्याला काळजी नाही काय?” प्रश्न चांगलाच उद्धट आहे. तरीही मार्काने सांगितलेला क्रम असा आहे की येशूने आधी वाऱ्याला दटावले आणि नंतर त्यांच्या विश्वासाविषयी विचारणा केली. २७ मार्च २०२० रोजी, करोनामुळे इटली ठप्प झालेली असताना, पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील संत पेत्राच्या चौकात, पाऊस पडत असताना आणि समोर एकही माणूस नसताना, याच उताऱ्यावर चिंतन केले होते. शिष्यांचा तो प्रश्न त्या आठवड्यांत जगभरच्या माणसांच्या ओठांवर होता.

दुसरी पायरी: आधी जेवा आणि झोपा

ही पायरी धार्मिक वाटणार नाही, पण ती बायबलमधूनच आलेली आहे. पहिल्या राजे या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी दिल्यावर एलीया संदेष्टा जीव घेऊन पळाला, बर्शेबाच्या पुढे रानात एक दिवसाची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि “आता माझा प्राण घे” असे देवाला म्हणून झोपी गेला. देवदूताने येऊन त्याला प्रवचन दिले नाही. त्याने त्याला हात लावून उठवले आणि खायला सांगितले; उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि चंबूभर पाणी होते. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले, आणि त्यानंतरच होरेब डोंगरापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास सुरू झाला. देवाशी त्याचे जे बोलणे झाले, ते त्या प्रवासाच्या शेवटी.

तेव्हा दोन रात्री झोप नसलेल्या, दिवसभर चहावर राहिलेल्या माणसाने आपल्या श्रद्धेची परीक्षा घेऊ नये. भाकरी खावी, अंथरुणावर पडावे, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. बातम्या पाहायच्याच असतील तर दिवसातून दोन वेळा ठरवून पाहाव्यात. मध्यरात्री पाहिलेली बातमी सकाळपर्यंत बदललेली असते, पण गेलेली झोप परत येत नाही.

तिसरी पायरी: एक स्तोत्र घ्या आणि ते मोठ्याने वाचा

बायबलमधील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, आणि त्यांतील कितीतरी भ्यालेल्या, आजारी, एकाकी किंवा पाठलाग होत असलेल्या माणसांनी म्हटलेली आहेत. नवख्याला बहुधा तेविसावे स्तोत्र, “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे”, हेच सुचवले जाते. ते सुंदर आहे आणि पाठ असावेच. परंतु भीतीने पोटात गोळा आलेला असताना हिरव्या कुरणांचे शब्द कधीकधी तोंडात बसत नाहीत. माझे मत असे की सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करावी. ते जेमतेम सहा ओव्यांचे आहे आणि त्यात प्रार्थनेचा सगळा मार्ग सापडतो.

पहिल्या दोन ओव्यांत केवळ तक्रार आहे. “कोठवर?” असा सवाल स्तोत्रकर्ता पुन्हा पुन्हा करतो: देवा, तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी मनातल्या मनात कोठवर घोर करत राहू, माझा शत्रू कोठवर माझ्यावर वरचढ राहणार? येथे थांबा. आपल्या वहीतली ओळ हातात घ्या आणि “कोठवर” या शब्दाने सुरू होणारे आपले स्वतःचे वाक्य त्याला जोडा. “हे परमेश्वरा, मी या रिपोर्टची वाट कोठवर पाहू?” हे वाक्य मोठ्याने म्हणा, घरात माणसे असतील तर गच्चीवर जाऊन किंवा ओठांतल्या ओठांत म्हणा, पण शब्द उच्चारले गेले पाहिजेत, कारण मनातल्या मनात केलेली प्रार्थना भीतीच्या दिवसांत फार लवकर काळजीत बदलते.

तिसऱ्या आणि चौथ्या ओवीत मागणे आहे: माझ्याकडे बघ, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश घाल. स्तोत्रकर्ता कारणही देतो, की असे झाले नाही तर मी मरेन आणि माझे वैरी आनंद करतील. म्हणजे त्याच्या मागण्यात स्वार्थ आहे, अब्रूची चिंता आहे, आणि तो ती लपवत नाही. आपणही आपल्याला खरोखर जे हवे आहे तेच मागावे: गाठ साधी निघावी, नोकरी टिकावी, मुलगा सुखरूप परतावा. “तुझी इच्छा पूर्ण होवो” हे नंतर म्हणता येते. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही आधी “हा प्याला माझ्यापासून दूर कर”, म्हणजे हे दुःख टळू दे, असे मागितले आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवली.

पाचव्या आणि सहाव्या ओवीत एकदम सूर बदलतो. मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, माझे हृदय आनंदेल, मी गाईन. मधल्या वेळात परिस्थितीत काही फरक पडला असे स्तोत्रात कोठेही म्हटलेले नाही. शत्रू होता तिथेच आहे. या दोन ओव्या तुम्हाला पहिल्या दिवशी मनापासून म्हणता येणार नाहीत, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. शतकानुशतके मठांत, मंदिरांत, कारागृहांत आणि रुग्णालयांत असंख्य माणसांनी त्या म्हटल्या आहेत; त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा, एवढेच त्या दिवशीचे काम. आठवडाभर हेच स्तोत्र रोज वाचा. त्यानंतर रात्री चौथे, प्रवासाला किंवा शस्त्रक्रियेला निघताना एकशे एकविसावे, आणि देशावर वा शहरावर संकट असेल तेव्हा शेहेचाळिसावे स्तोत्र घ्या.

एक्याण्णवाव्या स्तोत्राविषयी मात्र सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. मरीपासून व बाणांपासून रक्षण होईल असे त्यात म्हटले असल्यामुळे करोनाच्या दिवसांत ते मोबाइलवरून भरमसाट फिरले. काहींनी ते दारावर चिकटवले, आणि “इतक्या जणांना पाठवा म्हणजे तुमचे घर सुरक्षित राहील” असा शेपूट जोडलेला मजकूरही पुढे ढकलला. स्तोत्र प्रार्थनेसाठी आहे, ताईत म्हणून नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिखरावर उभ्या असलेल्या येशूला “खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील” असे सांगताना सैतान याच स्तोत्रातील ओळ म्हणून दाखवतो, आणि परमेश्वराची परीक्षा पाहू नये असे सांगून येशू ती उडी नाकारतो. (“भिऊ नको” हे शब्द बायबलमध्ये बरोबर ३६५ वेळा, म्हणजे दिवसाला एक असे आहेत, हा संदेशही असाच फिरत असतो. मोजून पाहिले तर तो आकडा येत नाही. हे शब्द पुष्कळदा आहेत, एवढे पुरेसे आहे.)

चौथी पायरी: दिवसाच्या दोन वेळा ठरवा

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातील मंडळीला, म्हणजे फिलिप्पैकरांस, लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात कशाविषयीही चिंताक्रांत न होता प्रार्थना, विनंती आणि आभारप्रदर्शन यांसह आपली मागणी देवाला कळवा असे सांगितले आहे, आणि मग बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील असे वचन दिले आहे. हे पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले, हे लक्षात ठेवले म्हणजे ते सुखवस्तू माणसाचा उपदेश वाटत नाही. यातील आभाराचा भाग सर्वांत अवघड जातो आणि सर्वांत उपयोगी पडतो. सकाळी फोन हातात घेण्याआधी दहा मिनिटे बसा, स्तोत्र वाचा, आणि काल घडलेली एक चांगली गोष्ट नाव घेऊन देवाला सांगा: शेजारणीने आणून दिलेला डबा, रांगेत पुढे जाऊ देणारा अनोळखी माणूस. “सगळ्यासाठी धन्यवाद” असे मोघम म्हणू नका.

रात्री दिवा मालवण्यापूर्वी वही मिटा आणि एकतिसाव्या स्तोत्रातील “मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो” ही ओळ म्हणा. लूकाच्या शुभवर्तमानानुसार वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेले अखेरचे शब्द हेच होत, आणि कॅथलिक चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेतही ते रोज म्हटले जातात. मध्येच जाग आली आणि विचारांचे चक्र सुरू झाले, तर लांब प्रार्थनेच्या भरीस पडू नका. पूर्वेकडील चर्चच्या परंपरेत “प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर” ही एकच ओळ श्वासाच्या लयीवर सावकाश पुन्हा पुन्हा म्हणतात. अर्धी ओळ श्वास घेताना, अर्धी सोडताना. कॅथलिक घरांत याच कामासाठी रोझरी, म्हणजे जपमाळ, हाताशी असते; तिचे मणी ओढताना येशूच्या जीवनातील प्रसंगांचे, म्हणजे ‘रहस्यां’चे, चिंतन करतात. मंगळवारी आणि शुक्रवारी म्हटल्या जाणाऱ्या दुःखाच्या रहस्यांतील पहिले रहस्य गेथशेमाने बागेतील येशूच्या वेदनेचे आहे, म्हणून भ्यालेल्या माणसाने तेथूनच आरंभ करावा. मणी मोजता मोजता झोप लागली तरी काही बिघडत नाही.

पाचवी पायरी: एकट्याने करू नका

भीती माणसाला घरात कोंडते. म्हणून येत्या रविवारी जवळच्या चर्चमध्ये जा. मुंबई, पुणे, अहिल्यानगर, नाशिक, वसई येथे मराठीतून उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांची उपासना) होणारी चर्चे आहेत, आणि परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने तिथल्या भारतीय मंडळ्यांकडे चौकशी करावी. नवख्याने मागच्या बाकावर बसावे, इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे, गाणी येत नसतील तर ऐकावीत. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद (त्या वेळी दिली जाणारी पवित्र भाकर) हा बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकांसाठीच असतो, त्यामुळे त्या वेळी जागेवर बसून राहिल्यास कोणी वाईट मानत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाचे नियम वेगवेगळे असल्यामुळे ते आधी पाळकसाहेबांना विचारून घ्यावेत. मुंबईतील माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये बुधवारी होणाऱ्या नोव्हेना या प्रार्थनेला सर्व धर्मांचे लोक येतात. ज्यांना चर्चमध्ये पाऊल ठेवायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ती गर्दी सोयीची आहे, कारण तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही.

उपासना संपल्यावर फादरांना किंवा पाळकांना भेटून एका वाक्यात सांगा: “मला अमुक गोष्टीची भीती वाटते, माझ्यासाठी प्रार्थना कराल का?” त्यासाठी सगळी कहाणी सांगावी लागत नाही. मात्र जो कोणी प्रार्थनेच्या बदल्यात पैसे मागेल, औषधे बंद करायला सांगेल, किंवा तुमचा विश्वास कमी असल्यामुळेच संकट आले असे ठासून सांगेल, त्याच्यापासून दूर राहा, मग त्याच्या सभेला कितीही लोक जमोत आणि तो बायबलमधील कितीही वचने तोंडपाठ म्हणो.

सहावी पायरी: दुसऱ्या भ्यालेल्या माणसासाठी एक काम करा

१५२७ साली जर्मनीतील विटेनबर्ग गावात प्लेग आला, विद्यापीठ दुसरीकडे हलवले गेले, परंतु धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर तेथेच राहिला. मरीच्या काळात ख्रिस्ती माणसाने पळून जावे की नाही, असे त्याला दुसऱ्या गावच्या पाळकांनी विचारले होते. त्याने दिलेले उत्तर आजही व्यवहार्य आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की मी देवाची प्रार्थना करीन, धुरी देईन, औषध घेईन, जेथे माझी गरज नाही तेथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला बाधा होणार नाही. परंतु शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मात्र मी मोकळेपणाने जाईन. खबरदारी आणि विश्वास यांच्यात त्याला विरोध दिसला नाही. आपल्यासाठी याचा अर्थ अगदी छोटा असू शकतो: रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या नातेवाइकाला पाण्याची बाटली देणे, एकट्या राहणाऱ्या आजींना रोज संध्याकाळी फोन करणे. स्वतःच्या भीतीकडे टक लावून बसलेल्या मनाला अशा कामाने काही वेळ तरी दुसरीकडे पाहता येते.

शांती मिळाली नाही तर

काही दिवस हे सर्व करूनही काहीच वाटत नाही, असे होते. स्तोत्रसंहितेतच अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे, जे काळोखात सुरू होऊन काळोखातच संपते. त्याच्या शेवटी भरवशाची ओवी नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेले आहे. अशा दिवसांत ठरलेल्या वेळी ठरलेले वाचन करावे आणि नेमलेले काम सोडू नये. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणण्याचे काम अनेक वर्षे चालवले होते. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंनी हातातले काम तडीस नेले आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला.

परंतु छातीत धडधड, हातापायांना कंप, झोपेचा पूर्ण अभाव किंवा जगणे नकोसे वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांकडे जाणे हा विश्वासाचा अभाव नाही. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. भारत सरकारच्या टेली मानस या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. गोळी चालू असताना प्रार्थना करता येते, आणि समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी तेरावे स्तोत्र वाचताही येते.

संकट निवळल्यावर वही फेकून देऊ नका. सहा महिन्यांनी ती उघडून कोणत्या ओळींचे काय झाले ते शेजारी लिहा: जे टळले तेही, आणि जे टळले नाही पण ज्यातून कसेबसे पार पडलो तेही. यानंतर पुढे काय वाचावे असे विचाराल, तर मार्काचे शुभवर्तमान घ्या. ते सर्व शुभवर्तमानांत लहान, सोळा अध्यायांचे आहे. रोज एक अध्याय वाचला तर अडीच आठवड्यांच्या आत पुरे होते, आणि भ्यालेली माणसे त्यात जवळजवळ प्रत्येक पानावर भेटतात.